सातवी फळी

तांबेकाका, सरकारनं 'होय' म्हटलं. तुम्हाला जाऊन आठ दिवस झाले होते.

मी कौन्सिल हॉलच्या गॅलरीत आपल्या नेहमीच्या जागी बसले होते, खांबाच्या डाव्या हाताला, जिथून मंत्र्यांचं फक्त डोकं आणि हातातला कागद दिसतो. पास दोन काढलेले होते. दारावरच्या शिपायानं दोन्ही पाहिले आणि विचारलं, "दुसरे गृहस्थ?" मी म्हटलं, "येत नाहीत." त्याहून जास्त काही मला सांगता आलं नाही. अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलायची म्हटलं की मी पिशवीत काहीतरी शोधायला लागते, हे तुम्हाला माहीत आहे.

हे मराठीत लिहिते आहे. भायखळ्याच्या नन्सच्या शाळेत आम्हाला मराठी आठवड्यातून दोन तास असायचं, आणि त्या दोन तासांत बाई आमच्याकडून भरतकाम पुरं करून घ्यायच्या. घरी आजी बोलते ती मराठी कागदावर उतरवायची लाज वाटायची. ती लाज तुम्ही घालवलीत. आजी मला 'बाय' म्हणते हे ऐकून तुम्ही म्हणाला होतात, "आमच्या गावाकडं पण 'बाय'च म्हणतात. मग तू साहेबाची कशी गो?" त्या दिवसापासून मी तुमची बाय झाले. त्याआधी मी तुम्हाला 'मिस्टर तांबे' म्हणत होते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तुम्ही मागे वळून पाहिलंत, दुसरा कोणी आलाय का म्हणून. "मिस्टर? गिरणीत, साचेखात्यात कळलं तर उद्या मला माझाच साचा सापडायचा नाय."

आमदारसाहेबांची कचेरी फणसवाडीत, एका घराच्या पहिल्या मजल्यावर. साहेब वकील, विरोधी बाकावरचे, लालबागनं निवडून दिलेले. मी फोर्टातल्या माझ्या नोकरीवर जाण्याआधी सकाळी दोन तास तिथे टाईप करायची. तुम्ही शनिवारी यायचात. डोक्यावर टोपी, काखेत कागदांची पिशवी, आणि पिशवीत गोणी शिवायचा तो मोठा दाभण. तुमच्या चाळीच्या भाडेकरू कमिटीचे तुम्ही सेक्रेटरी. विधानसभेत साहेब जे प्रश्न विचारायचे त्यातले निम्मे तुम्ही लिहिलेले असत, शाळेच्या वहीच्या पानावर, पेन्सिलीनं. मी त्यांचं इंग्रजी करायची, कारण कागद इंग्रजीत लागत. साहेब सही करायचे. सभागृहात तुम्हाला तोंड उघडायची परवानगी नव्हती, पण गॅलरीत बसून तुमचेच शब्द खालून वर येताना ऐकायचात, आणि तेव्हा तुमचा उजवा पाय गिरणीतल्या साच्यावर, मागावर असल्यासारखा हलायचा.

पुलाचा प्रश्न त्यातलाच. मला तो पूल पाहिल्याशिवाय प्रश्न लिहू देणार नाही असं तुम्ही म्हणालात आणि एका रविवारी मला लालबागला घेऊन गेलात. चाळ सरकारनं बांधलेली. चाळीच्या मागे नाला. नाल्यापलीकडे संडास, ते मुन्सिपाल्टीनं बांधलेले. मधे चौदा फळ्यांचा लाकडी पूल. चाळीचं सरकारी खातं म्हणे, पूल संडासाचा भाग आहे. मुन्सिपाल्टी म्हणे, पूल चाळीचा भाग आहे. तुम्ही स्वतः दोन फळ्या ठोकल्यात तर खात्याचा माणूस आला आणि म्हणाला, सरकारी मिळकतीला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. तुम्ही विचारलंत, "म्हणजे पूल सरकारी?" तो म्हणाला, "असं मी म्हटलेलं नाही." आणि तुमच्या दोन फळ्या उपसून घेऊन गेला.

सकाळची रांग होती. हातात टमरेल घेतलेली माणसं पलीकडून येणाऱ्याची वाट पाहत उभी होती, कारण पूल दोन माणसांचं वजन घेत नव्हता. एका वेळी एकानंच जायचं. म्हाताऱ्या बायकासुद्धा एकट्या, दोरीला धरून. तुम्ही गुडघ्यावर बसून प्रत्येक फळीत दाभण टोचून दाखवलात. कुठे टोक जेमतेम रुतायचं, कुठे बोटभर. सातव्या फळीत तो नेढ्यापर्यंत गेला, लोण्यात जावा तसा. मग मला पलीकडे पाठवलंत. मला भीती वाटत होती. मागून तुमचा आवाज येत होता, "उजव्या अंगानं, बाय. पाच. सहा. आता सातवी सोड. सोड म्हणतो ना! हां."

परत आल्यावर मी विचारलं, "रोज असं जाता?"

तुम्ही म्हणालात, "रोज जायलाच लागतं गो. पोटाला कोण सांगणार, की पत्रव्यवहार चालू हाय?"

तुमचा प्रश्न मला पाठ आहे. चार भाग होते. पहिला: या चाळीतल्या सर्व बिऱ्हाडांना संडासला जायला एकच पूल आहे, हे खरे आहे काय? दुसरा: त्या पुलाची एक फळी गेल्या पावसाळ्यात मोडली, हे खरे आहे काय? तिसरा: पूल कोणाचा? चौथा: त्याची दुरुस्ती कधी? धोक्याचं नावही कुठे नव्हतं. मी म्हटलं की हे अपुरं वाटतं. तुम्ही खुर्चीत मागे रेललात आणि मला शिकवलंत, "पयला प्रश्न असा पाहिजे, की त्याला 'होय' म्हणावंच लागेल. एकदा 'होय' म्हटलान, की त्याचा पाय आपल्या पुलावर आला. मग न्यायचा हळूहळू मधे."

मी मान हलवली. आणि तुम्ही गेल्यावर क्रम बदलला.

हे लिहायलाच मी बसले आहे, काका. बाकीचं सगळं याच्या आजूबाजूचं आहे.

मला तुमचा प्रश्न विस्कळीत वाटला. शाळेत निबंध शिकवताना सिस्टर सांगायच्या, मुद्दा पहिल्या वाक्यात आला पाहिजे. बाकीचं त्यातून निघालं पाहिजे. मी तसं केलं. पहिला भाग: हा पूल धोकादायक स्थितीत आहे, हे खरे आहे काय? दुसरा: असल्यास, त्याची मालकी कोणाची? तिसरा: असल्यास, दुरुस्ती कधी होणार? कागद फार सुंदर दिसत होता. एकही खाडाखोड नाही. साहेबांना कोर्टात जायची घाई होती, त्यांनी वाचलाही नाही. मला वाटलं, तुम्हाला इंग्रजी येत नाही, तुम्हाला कळायचं कारण नाही. खरं सांगायचं तर त्याहून वाईट वाटलं होतं. मला वाटलं होतं की मी तुमच्यावर उपकार करते आहे.

त्या दिवशी गॅलरीत तुम्ही माझ्या शेजारी होतात. प्रश्नाचा नंबर पुकारला गेला. मंत्री उठले आणि वाचलं: पहिल्या भागाचं उत्तर, नाही. दुसरा आणि तिसरा भाग उद्भवत नाही. बसले. साहेबांनी उठून एक पुरवणी प्रश्न विचारला, त्यावर खात्याचा अहवाल आला आहे एवढं सांगितलं गेलं आणि पुढचा नंबर पुकारला. अर्धं मिनिट लागलं असेल. तुमचा पाय हलायचा थांबला होता.

आपण बाहेर पडून बंदराच्या कठड्यापर्यंत चालत गेलो. तुम्ही शेंगदाण्याची पुडी घेतलीत, मला दिलीत, स्वतः खाल्ली नाहीत. कठड्याला टेकून विचारलंत, "बाय, 'असल्यास'ला इंग्रजीत काय म्हणतात?"

मी म्हटलं, "इफ सो."

"इफ सो," तुम्ही म्हणालात. "लहान हाय नाय?" मग पाण्याकडे पाहत बसलात.

त्या उत्तराचं पुढे काय झालं ते मी कचेरीत बसून पाहिलं. आधी मुन्सिपाल्टीकडे निदान अर्ज तरी घेत होते. आता वॉर्डातला कारकून म्हणू लागला, "सरकारनं विधानसभेत सांगितलंय की पूल धोकादायक नाही. छापून आलंय. आता काय पाहिजे?" माझ्या सुंदर कागदामुळे सडक्या फळ्यांना सरकारी शिक्का मिळाला. आणि एकदा उत्तर मिळालेला प्रश्न त्या अधिवेशनात पुन्हा विचारता येत नाही.

चाळीच्या पटांगणात सभा भरली. मी काकूंच्या शेजारी बाकावर होते. दुसऱ्या मजल्यावरचे गावडेमामा उठले, ते मालवणचे, त्यांना टोमणा मारायला माईक लागत नाही. "काय वो सेक्रेटरी, सरकारान तर पुलाक सर्टिफिकीट दिल्यान! आता माझ्या झिलाची वरात पुलारसून काढूया. तुमी फुडे व्हा!" लोक हसले. मग हसणं थांबलं आणि बोलणी सुरू झाली. मागून एक बाई म्हणाली, दीड वर्षं कागद रंगवले ते यासाठीच का. कोणी म्हणालं, शिकलेल्या माणसाकडून लिहून घ्यायचं होतं.

तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "चूक माझी हाय. प्रश्न मीच तसा लिवला. घाई झाली."

तेव्हा मला कळलं की तुम्हाला कळलंय.

मी वाट पाहत होते की तुम्ही माझ्याकडे पाहाल. एकदा जरी पाहिलं असतंत तरी मी उठले असते, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मी माझ्या चपलेच्या पट्ट्याकडे पाहत होते. तुम्ही पाहिलंत की नाही हे मला माहीतच नाही. माझ्या शेजारी काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. तुमच्याविषयी कोणी वाईट बोललं की त्या तसं करतात.

त्यानंतर दोन शनिवार मी कचेरीत गेले नाही. आजी आजारी आहे असं कळवलं. आजी ठणठणीत होती आणि मला विचारत होती की कुणाशी भांडलीस. तिसऱ्या शनिवारी गेले तर जिन्यावर खोकल्याचा आवाज. तुम्ही तो जिना चढताना मधे दोनदा बसलात, हे मी वरून ऐकलं. आत येऊन वहीचं पान माझ्यापुढे ठेवलंत. तोच प्रश्न, पुढच्या अधिवेशनासाठी, तेच चार भाग. फक्त या वेळी प्रत्येक भागाच्या आकड्याभोवती तुम्ही लाल पेन्सिलीनं गोल केला होता. मी म्हटलं, "काका, त्या वेळी मी—"

"तुझ्या मशीनची फीत बदल गो," तुम्ही म्हणालात. "अक्षर पुसट येतं."

आणि मी फीत बदलत बसले.

आपला एक वाद अर्धवट राहिला. तुम्ही म्हणायचात, संयुक्त महाराष्ट्र झाला, मराठी राज्य आलं की प्रश्न मराठीत लिहू, मधे कोणी नको. मी म्हणायची, "'उद्भवत नाही' मराठीतही म्हणता येतं, काका." तुम्ही मोठ्यानं हसायचात आणि हसता हसता खोकायला लागायचात. एकदा मात्र हसला नाहीत. म्हणालात, "म्हणतील. पण माझ्या घरातल्या माणसाला तरी कळेल ना, आपल्याला काय म्हटलं ते." मोर्च्यात तुम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचात, मी कचेरीच्या खिडकीतून पाहायची. माझ्या वडलांना वाटायचं की राज्य झालं तर आपल्यासारख्यांना मुंबईत कोण विचारणार. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना भेटायला भायखळ्याला आला असतात, दोघांनी माझ्या डोक्यावरून गप्पा मारल्या असत्या, आणि बहुधा तेही तुम्हाला पोचवायला नाक्यापर्यंत आले असते. आता लोक म्हणतात, राज्य होणार, नक्की होणार. तुमच्याशी वाद घालायला माझ्याकडे अजून दोन मुद्दे आहेत.

शेवटच्या महिन्यात मी तुमच्या घरी आले होते. तुम्ही खाटेवर बसला होतात, अंगावरचा सदरा आत कोणी नसल्यासारखा. मधेच उठलात. चाळीतल्या दोघांनी तुम्हाला खुर्चीत बसवून खाली आणलं, पुलाच्या तोंडापर्यंत. तिथून पुढे ते येऊ शकत नव्हते. कोणीच येऊ शकत नव्हतं. पूल दोघांचं वजन घेत नव्हता. तुम्ही दोरीला धरून एकटे निघालात. रांगेतली माणसं मागे सरकली. गावडेमामांनी तोंड फिरवलं आणि नाल्यात थुंकले. मला वाटतं, त्यांना रडू येत होतं. सहाव्या फळीवर तुम्ही थांबलात. सातवी ओलांडायला पाय उचलावा लागतो, आणि तुमच्यात तेवढा जोर नव्हता. किती वेळ उभे होतात कुणास ठाऊक. शेवटी दोन्ही हातांनी दोरी धरून तुम्ही पाय सरकवलात, तसेच, कडेकडेनं. काकूंनी डोळे मिटून घेतले होते. मी मिटले नाहीत. ते पाहणं मला भाग होतं.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी फोर्टात कुठल्याशा जहाज कंपनीला पत्र टाईप करत होते. तुमच्या दारी आले तेव्हा त्रिशरण म्हणणं चाललं होतं. मला शब्द येत नव्हते, म्हणून ओठ हलवले. रविवारी चर्चमध्ये मिस्साला तुमचं नाव मनात घेतलं. दीक्षा घेतल्यापासून तुम्ही कुठल्याच देवाला काही मागत नव्हतात, हे मला ठाऊक आहे. मीही मागितलं नाही. फक्त नाव घेतलं.

आणि मग प्रश्नाचा नंबर लागला.

या वेळी कागदावर तुमचाच क्रम होता. मंत्री उठले. पहिला भाग: होय. दुसरा भाग: होय. ते 'होय' म्हणताना त्यांना काहीच जड गेलं नाही. तसं जाणारच नव्हतं, तुम्ही तो तसाच लिहिला होतात. तिसरा भाग: मालकीबाबत खातं आणि स्थानिक संस्था यांच्यात पत्रव्यवहार चालू आहे. साहेब लगेच उठले, "म्हणजे आज हा पूल कोणाचाच नाही आणि माणसं मात्र रोज त्यावरून जातात, असं समजायचं काय?" इकडून तिकडून आवाज झाले. मंत्र्यांनी शेजारच्याशी कुजबुज केली आणि म्हणाले, येत्या सोमवारी दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी होईल. तेवढ्यात विरोधी बाकांवरून कोणी ओरडलं, "शेवटी 'संयुक्त' हा शब्द सरकारच्या तोंडून निघाला!" सगळं सभागृह हसलं. मंत्रीसुद्धा हसले. मी शेजारी पाहिलं. तुम्हाला हे किती आवडलं असतं.

मी तशीच लालबागला गेले. तुमच्यासाठी पटांगणात शोकसभा ठेवली होती, तेच बाक, तीच माणसं. कोणीतरी म्हणालं, ती टाईपवाली आली आहे, तिच्याकडे बातमी आहे, तिला बोलू द्या. मी उभी राहिले. 'होय'ची बातमी सांगितली. टाळ्या वाजल्या. तिथेच बसता आलं असतं. मग मी म्हटलं की मागच्या वेळी काकांची चूक नव्हती. प्रश्न काकांनी बरोबर लिहिला होता. क्रम मी बदलला. काकांना न विचारता. माझा आवाज फार लहान येत होता आणि मला ते दोनदा सांगावं लागलं, कारण मागच्यांना ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण असतं.

मग गावडेमामा म्हणाले, "आता सांगतंस? तो गेल्यार?" या वेळी त्यात टोमणा नव्हता. "तेव्हा खंय होतंस गो?"

"इथेच होते," मी म्हटलं. "या बाकावर."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली. मी त्यांना दोष देत नाही. ते तुम्हाला जे बोलले होते ते आता त्यांच्यापाशी राहिलं, आणि तेही माझ्यामुळे.

नंतर वर, तुमच्या खोलीत, मी काकूंना विचारलं, "काकांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

"काय ते?"

"माझं."

काकूंनी नकारार्थी मान हलवली. "मी किती दिवस त्यांना बोलत होते, घाई कशाला केलीत म्हणून. जेवताना बोलायची. ते म्हणायचे, 'झाली खरी. वाढ भात.'"

घरातसुद्धा, काका. रोजच्या जेवणात. तुमच्या मोठेपणाबद्दल कृतज्ञ व्हावं की त्याचा राग धरावा, मला समजत नाही. एकदा ओरडला असतात तर माझं निभावलं असतं. तुम्ही मला वाचवलंत, आणि त्या वाचण्यातून सुटायला तुमच्या शोकसभेपर्यंत वेळ लागला.

निघताना काकूंनी तुमची पिशवी उघडली आणि दाभण माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "सोमवारी ते साहेब लोक येणार. ते काय वाकून बघणार आहेत? दोन्ही टोकांना उभे राहतील."

तसंच होईल. एक जण चाळीच्या बाजूला उभा राहील, एक संडासाच्या, आणि मधे कोणी येणार नाही. म्हणून मी ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेतली आहे. आधी त्यांना विचारीन, या चाळीला जायला हा एकच पूल आहे ना? ते 'होय' म्हणतील. मग दोरी धरून मी एकटी मधे जाईन, उजव्या अंगानं, पाच, सहा. मागून तुमचा आवाज येईल, सोड म्हणून. मला तो ऐकू येणारच आहे.

पण सातवी त्यांना दाखवायची आहे, काका, दाभण नेढ्यापर्यंत घालून. या वेळी ती मी सोडणार नाही.